पहिली ८३ विमानं आली नाहीत, मग आणखी ९७ कशाला?

मंदार_मुलुंड | सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:१२

भाऊबीजेला आईला घेऊन नाशिकला मामाकडे गेलो होतो. मामा ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेत, मिगवर सुरुवात केली आणि सुखोईवर संपवली. १७ तारखेला ओझरहून पहिलं तेजस मार्क वन ए लढाऊ विमान उडालं ना, तेव्हापासून मामाच हवेत आहेत. फराळाचं ताट समोर आलं तरी विषय तोच.

मी आपलं सहज म्हणालो की मामा, ८३ तेजस विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, डिलिव्हरी मार्च २०२४ ला सुरू व्हायची होती, आता २०२५ ची दिवाळी झाली आणि हवाई दलाच्या ताब्यात अजून एकही नाही. आणि गेल्याच महिन्यात त्याच कंपनीला, म्हणजे तुमच्या सरकारी एचएएलला, आणखी ९७ ची ऑर्डर, ६२,३७० कोटींची! आमच्या सोसायटीच्या बिल्डरने ए विंग रखडवली तर आम्ही त्याला बी विंग देऊ का? उलट जनरल बॉडीत फाडून खाऊ.

मामा म्हणाले, तुला कळत नाही, चकली खा.

तर चकली खाऊन झालेली आहे. इथे कोणाला कळत असेल तर सांगा. जगात सगळीकडेच लढाऊ विमानं उशिरा आणि महाग येतात असं वाचतो, पण मग ज्याने उशीर केला त्यालाच परत ऑर्डर देण्यात काय शहाणपणा आहे?

बोरिवली_स्लो | रात्री ११:२०

चकली खुसखुशीत होती की तीसुद्धा रखडलेली?

नाना_ठाकुरद्वार | रात्री ११:४१

मंदारराव, तुम्ही २०२१ पासून मोजताय म्हणून वैतागताय. आमच्यासारखं १९८३ पासून मोजा म्हणजे शांत व्हाल.

१९८३ साली हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे याच तेजसचा, प्रकल्प मंजूर झाला, त्याच वर्षी आमचं लग्न. ४ जानेवारी २००१ ला ते पहिल्यांदा उडालं तेव्हा चिरंजीव दहावीला. १ जुलै २०१६ ला पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली तेव्हा चिरंजीवांसाठी स्थळं बघत होतो. आता मार्क वन ए येईल तोवर नातवाची मुंज उरकलेली असेल. आमच्या घरातली सगळी शुभकार्यं या विमानाच्या पुढे धावतायत.

शुभदा_ठाणे | मंगळवार, २८ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

नाना, बारसं राहिलं मधलं :)

मी सीए आहे, विमानातलं काही कळत नाही, पण आकड्यांवर बोलते कारण व्हॉट्सअ‍ॅपवर '५६० कोटींचे दहा हजार कोटी झाले, घोटाळा घोटाळा' असा मेसेज दर सहा महिन्यांनी फिरतो. आकडे खरे आहेत, सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या २०१५ च्या अहवालात मूळ मंजुरी ५६० कोटी आणि पुढे १०,३९७ कोटी असं आहे. पण ५६० कोटी हा अख्ख्या विमानाचा खर्च कधी नव्हताच, कामाला सुरुवात करायची रक्कम होती ती. १९९३ ला नुसती दोन प्रात्यक्षिक विमानं बनवायला २,१८८ कोटी मंजूर झाले आणि त्यात हे ५६० धरलेले होते. नंतर कामाचे टप्पे वाढत गेले. शिवाय १९८३ ला डॉलर दहा रुपयांच्या आसपास होता आणि आज ८८. १९८३ चा रुपया आणि २०१५ चा रुपया एकाच रकान्यात लिहून 'अठरा पट' म्हणणं म्हणजे आजोबांच्या खोलीची पागडी आणि आजचा फ्लॅटचा भाव शेजारी ठेवून छाती पिटण्यासारखं.

म्हणजे खर्च वाढला नाही असं नाही हं. किती खरा वाढला आणि किती रुपया पडल्यामुळे दिसतोय हे वेगळं काढायला पाहिजे, आणि ते कोणी काढत नाही कारण मग मेसेजमध्ये मजा राहत नाही.

आता मंदारच्या ऑर्डरी. ८३ ला सुमारे ४८,००० कोटी, म्हणजे एक ५७८ कोटीच्या आसपास. ९७ ला ६२,३७० कोटी, करांशिवाय, एक ६४३ कोटी. दोन्हीत सोबतची उपकरणं वगैरे धरलेली आहेत आणि दुसरीत दोन सीटवाली जास्त आहेत, २९, पहिलीत दहाच होती, त्यामुळे तंतोतंत तुलना होत नाही. तरी साडेचार वर्षांत साधारण ११ टक्के वाढ दिसते. या काळात डॉलरच ७३ वरून ८८ वर गेला. आमच्या कामवाल्या ताईंनी याहून जास्त वाढवले.

अंधेरी_पूल_पीडित | सकाळी ९:१०

विमानाचं सोडा हो, आमच्याकडे गोखले पूल नवा बांधला आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाशी जोडायला गेले तर दोघांत दीडेक मीटरचा फरक. दोन पूल, एक शहर, तरी लेव्हल जुळली नाही. तेजसला इंजिन अमेरिकन, रडार इस्रायली, पंख भारतीय. ते एकत्र उडतंय हेच मला नवल वाटतं.

बोरिवली_स्लो | सकाळी ९:१४

+१. त्या पुलाखालून रोज जातो. मान वर करून बघत नाही.

पार्ले_टू_न्यूजर्सी | सकाळी ९:५०, म्हणजे आमच्याकडे अजून कालची मध्यरात्र

फक्त आपल्याकडेच असं होतं हा गैरसमज काढून टाका. इथे अमेरिकेत एफ-३५ लढाऊ विमान आहे. जगातला सगळ्यात श्रीमंत ग्राहक, सगळ्यात मोठी कंपनी. २००१ ला कंत्राट दिलं, २०१० पर्यंत खर्च इतका फुगला की कायद्याने संसदेला कळवावं लागलं. इथे नन-मकर्डी नावाचा नियम आहे, ठरलेल्या किमतीपेक्षा एका नगाची किंमत २५ टक्के वर गेली की संरक्षण खात्याला लेखी द्यावं लागतं की हे देशाला आवश्यक आहे आणि दुसरा मार्ग नाही, नाहीतर प्रकल्प बंद. दिलं त्यांनी लेखी. बंद कोण करणार?

मग नवीन कॉम्प्युटर बसवायचा ठरला, त्याचं सॉफ्टवेअर तयार नाही म्हणून जुलै २०२३ ते जुलै २०२४ वर्षभर नवी विमानं घ्यायलाच नकार. फॅक्टरीबाहेर विमानं रांगेत उभी. इथल्या ऑडिटवाल्यांनी या सप्टेंबरमध्ये सांगितलं की २०२४ मध्ये दिलेली सगळीच्या सगळी ११० विमानं उशिरा दिली, सरासरी २३८ दिवस. आणि ऐका, वेळेवर काम केल्याबद्दल जो बोनस असतो त्यातला बराचसा तरीही दिला गेला.

बोरिवली_स्लो | सकाळी ९:५८

काय?? २३८ दिवस लेट आणि बोनस? इथे ८:१२ ची लोकल सुटली तर आमचा हाफ डे कापतात.

सुलभा_दादर | दुपारी १:३०

मला एक भाबडा प्रश्न आहे. आम्ही किचनचं काम केलं तेव्हा सुताराशी ठरवलं, इतके पैसे, एक रुपया जास्त नाही. देश असं का ठरवत नाहीत?

पार्ले_टू_न्यूजर्सी | सायंकाळी ६:१५

सुलभाताई, स्वित्झर्लंडने अगदी हेच केलं. म्हणजे त्यांना वाटलं की केलं. तिकडे तर विमानं घ्यायची का यावर जनतेचं मतदान झालं, सप्टेंबर २०२० मध्ये, आणि ५०.१ टक्क्यांनी पास झालं. आठ हजार आणि काही मतांचा फरक. मग २०२२ मध्ये ३६ एफ-३५ साठी सही केली, साधारण सहा अब्ज फ्रँक, आणि सरकार लोकांना सांगत राहिलं की किंमत पक्की आहे. या उन्हाळ्यात अमेरिका म्हणाली पक्की वगैरे काही नाही, महागाई झाली, कच्चा माल वाढला, आणखी ६५ कोटी ते १३० कोटी डॉलर लागतील. 'फिक्स्ड प्राइस' या दोन शब्दांचा अर्थ दोघांनी दोन लावला होता.

नाना_ठाकुरद्वार | सायंकाळी ६:४०

सुलभाताई, सुताराने खरंच रुपया जास्त घेतला नाही?

सुलभा_दादर | सायंकाळी ७:०२

घेतला ना. म्हणाला बिजागरी 'सॉफ्ट क्लोज' तुम्हीच मागितली नंतर. मागितली होती मी, खोटं कशाला बोलू.

विमानवेडा | रात्री ८:३०

सुलभाताई, तुम्ही एका ओळीत विषय संपवलात! सॉफ्ट क्लोज बिजागरी हाच लढाऊ विमानांचा मूळ आजार. विमान कसं हवं याचा कागद हवाई दलाने १९८५ ला दिला. डिझाईन, चाचण्या होईपर्यंत वीस वर्षं गेली, जगात तोवर नवी क्षेपणास्त्रं, नवी रडारं आली. हवाई दल म्हणणार आता हे पण बसवा, नाहीतर जुनं विमान आमच्या माथी मारताय. बसवलं की वजन वाढतं, वजन वाढलं की इंजिन कमी पडतं, की परत चाचण्या. दोघंही आपल्या जागी बरोबर आणि विमान हँगरमध्ये.

त्यात १९९८ ला पोखरणनंतर निर्बंध लागले. उड्डाण नियंत्रणाच्या संगणकावर आपले इंजिनियर अमेरिकेत काम करत होते, त्यांना परत पाठवलं, सामान तिकडेच अडकलं. ते सगळं इथे नव्याने करावं लागलं, आणि केलं. याचं श्रेय कोणी देत नाही. तेजस उड्डाण नियंत्रणात चांगलंच आहे, उडवणारे सांगतात.

पण श्रेय दिलं म्हणून हिशोब माफ होत नाही. २०१३ ला जी प्राथमिक मंजुरी मिळाली त्यात कॅगने २० कायमच्या आणि ३३ तात्पुरत्या सवलती मोजल्या होत्या. एकूण त्रेपन्न. त्रेपन्न ठिकाणी 'चालवून घ्या'.

कांदिवलीचा_राजा | रात्री ९:१२

सगळं मान्य पण राफेल १२६ ची ३६ कशी झाली ते बोला ना आधी!! तिथे खरं पाणी मुरतंय. त्या वेळच्या सरकारने

(उर्वरित मजकूर प्रशासकांनी काढला आहे.)

दुसरा_कांदिवलीकर | रात्री ९:१५

तुमच्याच सरकारने दहा वर्षं

(उर्वरित मजकूर प्रशासकांनी काढला आहे.)

प्रशासक | रात्री ९:३०

कांदिवली पूर्व आणि पश्चिम, दोघांनाही विनंती. धागा खरेदीतल्या उशिराबद्दल आहे. पक्षांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे अजून भरपूर जागा रिकामी आहे.

फाईलबंद | बुधवार, २९ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

राफेलचा विषय निघालाच आहे तर कागदाच्या बाजूने सांगतो. नोकरीची सगळी वर्षं बॅलार्ड इस्टेटला एका केंद्रीय कार्यालयात फायली हलवण्यात गेली, विमानांच्या नाही, पण फाईलचा स्वभाव सगळीकडे सारखा.

ऑगस्ट २००७ ला १२६ विमानांसाठी निविदा निघाली. सहा कंपन्या. सगळ्यांची विमानं राजस्थानच्या उन्हात, लेहच्या थंडीत उडवून बघितली. एप्रिल २०११ ला दोन उरली, जानेवारी २०१२ ला फ्रान्सचं राफेल सर्वात स्वस्त ठरलं. म्हणजे साडेचार वर्षांत फक्त कोण ते ठरलं. मग वाटाघाटी सुरू झाल्या आणि संपल्याच नाहीत. १८ विमानं तयार येणार आणि १०८ इथे बनणार होती. इथे बनलेल्या विमानांची जबाबदारी कोणाची, आपल्या कारखान्यात माणूस-तास किती जास्त लागतील आणि ते पैसे कोण भरणार, यावर गाडं अडलं. २०१५ ला ३६ थेट घ्यायची घोषणा, सप्टेंबर २०१६ ला ७.८७ अब्ज युरोचा करार, २९ जुलै २०२० ला पहिली पाच अंबाल्याला उतरली.

गंमत बघा. करार झाल्यावर कारखान्याने विमानं बऱ्यापैकी ठरल्या वेळेत दिली. सगळी ३६ २०२२ संपेपर्यंत आली. निविदा ते करार नऊ वर्षं, करार ते शेवटचं विमान सहा. मोठा उशीर कागदावर झाला. पण कागदावरचा उशीर कोणाच्या नावावर लागत नाही, कारण त्यावर सह्या वीस जणांच्या असतात. कॅग येतो, पण वरातीमागून घोडं.

त्याहून वाईट उदाहरण प्रशिक्षण विमानाचं. नव्या वैमानिकांना मिगवर बसवण्याआधी शिकायला प्रगत जेट ट्रेनर हवं हे १९८२ ला समितीने सांगितलं. त्यासाठी हॉक विमानाचा करार झाला मार्च २००४ ला. बावीस वर्षं! तोवर पोरं साध्या विमानावरून थेट मिग-२१ वर. २०१२ ला संसदेत सांगितलं गेलं की मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक. सगळे अपघात ट्रेनर नव्हता म्हणून झाले असं मी म्हणत नाही, कारणं अनेक होती. पण फाईल टेबलावर पडून असते तेव्हा तिचा खर्च कुठल्याच रकान्यात लिहिला जात नाही, एवढं मी बघितलंय.

शुभदा_ठाणे | सकाळी ११:४८

फाईलबंद काका, यावर काय बोलणार.

नाना_ठाकुरद्वार | दुपारी ४:००

आमच्या वाडीतला एक मुलगा हवाई दलात होता. तो सुखरूप रिटायर झाला. मिग-२१ गेल्या महिन्यात चंदीगडला निरोप घेऊन गेलं त्या दिवशी त्याने टीव्ही लावला नाही असं त्याची आई सांगत होती. मी कारण विचारलं नाही.

माझगाव_माझं | रात्री ८:०५

विषय थोडा पाण्यात नेतो. वडील आयुष्यभर माझगाव गोदीत. स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ चा, १८,७९८ कोटी, पहिली २०१२ ला मिळायची होती. ती पहिली, कलवरी, नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ ला. खर्च मधेच सुधारून २३,५६२ कोटी झाला. त्यात ज्या टॉर्पेडो घ्यायच्या होत्या त्यांचा व्यवहार दुसऱ्याच कुठल्या प्रकरणात कंपनीचं नाव आल्याने रद्द झाला. म्हणजे पाणबुडी नवी कोरी आणि टॉर्पेडो जुन्या.

पण, आणि हा पण मोठा आहे, पुढच्या पुढच्या बोटी सुरळीत होत गेल्या. या जानेवारीत १५ तारखेला एकाच दिवशी सुरत, नीलगिरी या युद्धनौका आणि सहावी पाणबुडी वागशीर अशा तिन्ही मुंबईत नौदलात आल्या, तिन्ही माझगावच्या. बाबांना टीव्हीवर दाखवलं. वेल्डर लोक तयार व्हायला दहा वर्षं लागतात म्हणाले, आणि काम नसलं की ती पाच वर्षांत पांगतात. पाणबुडीच्या पत्र्याचं वेल्डिंग येणारा माणूस दुबईला ग्रिल जोडायला जातो.

बोरिवली_स्लो | रात्री ८:११

एका अमेरिकन माणसाने, नॉर्मन ऑगस्टीन, विमान कंपनीचाच मोठा साहेब होता, हिशोब मांडला होता की विमानांच्या किमती अशाच वाढत राहिल्या तर २०५४ साली अमेरिकेच्या अख्ख्या संरक्षण बजेटमध्ये एकच विमान येईल. हवाई दल आठवड्यातले साडेतीन दिवस वापरणार, नौदल साडेतीन दिवस.

नाना_ठाकुरद्वार | रात्री ८:३०

चाळीतल्या मोरीसारखं. भांडणं पण तशीच होणार, 'कालची पाळी आमची होती'.

मंदार_मुलुंड | गुरुवार, ३० ऑक्टोबर, रात्री १०:४०

धागा भारी चाललाय पण माझा प्रश्न सगळ्यांनी चकलीसारखा बाजूला ठेवलाय. उशीर का होतो ते थोडं थोडं कळलं. पण ज्याने उशीर केला त्यालाच पुन्हा ९७ ची ऑर्डर का? फेब्रुवारीत बंगळुरूच्या विमान प्रदर्शनात खुद्द हवाई दल प्रमुख कॅमेऱ्यासमोर म्हणाले की मला भरवसा वाटत नाहीये. ग्राहकच असं म्हणतोय!

विमानवेडा | रात्री ११:०२

दुसरा पर्याय काय आहे सांगा. मंजूर ४२ स्क्वाड्रन, मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. बाहेरून आणायची तर फाईलबंद काकांची नऊ वर्षं परत मोजायला घ्या. तुमच्या बिल्डरची तुलना इथेच फसते, तुम्ही दुसरा बिल्डर आणू शकता. इथे गल्लीत बिल्डर एकच.

शुभदा_ठाणे | रात्री ११:१०

हे तर मंदारच्याच बाजूचं झालं ना? एकच विक्रेता असला की त्याला घाई कशाला. उशिराचा दंड असतो पण त्यालाही कमाल मर्यादा असते, आणि सरकारी कंपनीकडून सरकारने दंड घ्यायचा म्हणजे डाव्या खिशातून उजव्या खिशात.

अंबरनाथ_एमआयडीसी | शनिवार, १ नोव्हेंबर, पहाटे १२:५०

इथे फक्त वाचायला येतो, पहिल्यांदाच लिहितोय, मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझं छोटं युनिट आहे. तीन व्हीएमसी आणि एक फाइव्ह अ‍ॅक्सिस, म्हणजे धातू कापायची कॉम्प्युटरवाली मशीनं. मी व्हेंडरच्या व्हेंडरचा व्हेंडर. कोणाचं नाव घेत नाही, धंदा करायचाय. विमानाच्या आतल्या पट्ट्या, ब्रॅकेट असले पीस करतो. तुम्हाला वाटेल ब्रॅकेटमध्ये काय आहे, तर अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट येते आणि त्यातलं बहुतेक मटेरियल चिप्स होऊन भंगारात जातं, उरतो तो पीस. प्लेट बाजारातली चालत नाही, सर्टिफिकेटवाली लागते, ती बाहेरून येते, आज ऑर्डर दिली तर महिने जातात. मग पहिला पीस करायचा. ड्रॉइंगवरचं एक एक माप नंबर टाकून तपासून कागद पाठवायचे. कोटिंग मंजूर झालेल्या प्लांटमध्येच करायचं, तिथे आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. पहिला पीस पास झाला की बाकीचे सोपे, मशीन लावा आणि करत राहा.

माझ्याकडे सहा-सात वर्षांपूर्वी असं काम आलं. पहिला पीस पास व्हायला आठ महिने गेले, दोनदा रिजेक्ट, एकदा माझी चूक आणि एकदा ड्रॉइंगच बदललं. मग बारा सेट केले, मस्त झाले, आणि ऑर्डर संपली. पुढची कधी? येईल. दोन वर्षं 'येईल'. मशीनचा हप्ता थांबतो का? मी पंपाचे पार्ट करायला लागलो. माझा फाइव्ह अ‍ॅक्सिसवाला पोरगा, हाताने सोनं होतं त्याच्या, तळोज्याला गेला. मग एक दिवस फोन, ऑर्डर आली, तीन महिन्यांत द्या. नवीन पोरगा, फिक्स्चर (पीस मशीनवर पकडून ठेवायचा सांगाडा) गंजलेलं, आणि इतका खंड पडला की पहिला पीस परत पास करून घ्या असा नियम. म्हणजे तेच आठ महिने. कागदावर काय लागलं? 'व्हेंडरमुळे विलंब'.

आता हेच मोठं करून बघा. ८३ विमानांना इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं. त्यांनी आधीची ६५ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन टाकली. पुढे ऑर्डर नाही म्हणून त्यांनी ती लाईनच बंद केली, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. ऑगस्ट २०२१ ला आपण ९९ मागितली. बंद पडलेली लाईन परत उभी करायची, त्यांचेही माझ्यासारखे व्हेंडर पांगलेले, मधे करोना. पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ ला. मंदारभाऊ, तुमच्या ८३ च्या उशिरातला मोठा भाग २०१६ ते २०२१ च्या मधल्या त्या पाच वर्षांत शिजलाय, जेव्हा कोणी काहीच मागितलं नव्हतं.

म्हणून ८३ संपायची वाट बघून मग ९७ द्यायची ठरवलं असतं तर परत तीच दरी पडली असती. ९७ ची डिलिव्हरी २०२७-२८ पासून आहे. त्याची प्लेट, फोर्जिंग आत्ता नाही मागवली तर तेव्हा मिळणार नाही. तुमच्या बिल्डरला बी विंग देऊ नका, बरोबर आहे. पण ए विंगचे गवंडी घरी गेले तर सी विंगपण येणार नाही.

९७ ची बातमी वाचली तेव्हा मी पेढे नाही वाटले. पण फिक्स्चर साफ करायला काढलं.

सुलभा_दादर | सकाळी ८:१५

तो तळोज्याला गेलेला मुलगा परत येईल का?

अंबरनाथ_एमआयडीसी | सकाळी ८:४०

फोन केला होता काल. पगार विचारला त्याने. मी म्हटलं विचार करून सांगतो :(

माझगाव_माझं | सकाळी ९:०५

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले याला माझा नमस्कार सांग.

विमानवेडा | दुपारी १२:३०

उत्तम पोस्ट. पण सगळा दोष इंजिनावर टाकून कारखाना सुटत नाही हं. इंजिन नव्हतं तरी रडार, क्षेपणास्त्र आणि सॉफ्टवेअर जुळवण्याचं काम होतं, ते पण वेळेत झालेलं नाही. इंजिन हे चांगलं निमित्त मिळालं. स्वतःचं इंजिन, कावेरी, १९८९ ला मंजूर केलं ते वेळेत झालं असतं तर अमेरिकेच्या लाईनीकडे बघत बसायची वेळच आली नसती, ते २००८ ला तेजसपासून वेगळं करावं लागलं.

अंबरनाथ_एमआयडीसी | दुपारी १:०५

सुटत नाहीच. मी पण सुटत नाही, एकदा माझीच चूक होती हे लिहिलंय वर.

शुभदा_ठाणे | दुपारी १:२०

माझा मुद्दा तरी उभाच आहे, ऑर्डरीत खंड नको हे पटलं, पण मग दबाव कशाचा? सलग काम मिळणार ही खात्री असलेला माणूस सुस्तावतो, आमच्या ऑफिसात बघते रोज. यावर अंबरनाथवाले दादा काय म्हणतील?

फाईलबंद | दुपारी ३:४५

ऑर्डर सलग, पैसे मात्र विमान हातात आल्यावर. असं लिहिता येतं करारात. लिहिलं की तुमच्या अंबरनाथच्या भावांसारखे आधी मरतात, कारण वरचा खालच्याला तेच लावतो. या गुंत्यावर मी एकदा नोट लिहिली होती, वेगळ्या खात्यात. तिच्यावर शेरा आला, 'चर्चा करावी'.

बोरिवली_स्लो | दुपारी ३:५०

चर्चा करतोच आहोत की काका.

पार्ले_टू_न्यूजर्सी | शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

धागा वर आणतोय. काल जीईशी आणखी ११३ इंजिनांचा करार झाला, ९७ साठी. डिलिव्हरी २०२७ ते २०३२. म्हणजे या वेळी विमानाच्या ऑर्डरनंतर दीड महिन्यात इंजिनाची ऑर्डर. मागच्या वेळी सहा महिने लागले होते.

अंधेरी_पूल_पीडित | सकाळी ९:००

लेव्हल जुळली म्हणायची!

मंदार_मुलुंड | रात्री १०:२०

अंबरनाथ दादांची पोस्ट प्रिंट काढून मामाला पाठवली होती, त्यांना मोबाईलवर वाचता येत नाही. आज फोन आला. म्हटलं मामा, तुम्ही हे सरळ का नाही सांगितलंत, चकली कशाला पुढे केलीत. म्हणाले, सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? मामाच्या बोलण्याला किंमत नसते, अनोळखी माणसाने रात्री एक वाजता लिहिलं की पटतं.

मग म्हणाले, मिगची लाईन बंद झाली आणि सुखोईची सुरू व्हायची होती तेव्हा मधे त्यांच्या शॉपमध्ये बरेच दिवस रोज जिग, म्हणजे विमानाचे भाग पकडून ठेवायचे सांगाडे, पुसायचं काम होतं. हजेरी लावायची, जिग पुसायची, डबा खायचा, घरी. त्यावर पुढे काही बोलले नाहीत. मुलुंडला कधी येताय विचारलं तर म्हणाले आता इथून हलत नाही, गच्चीवर खुर्ची टाकलीय. आवाजावरून ओळखतात म्हणे सुखोई की तेजस.

नाना_ठाकुरद्वार | रात्री १०:३५

मामांना विचारून ठेवा, गच्चीवर आणखी एक खुर्ची मावेल का. आणि चकल्या उरल्या असतील तर तसं कळवा.